शपथेचं लॅटिन

फोन वाजला तेव्हा ब्लाझेना स्कोपालोवा स्वयंपाकघरात आलुबुखारातल्या बिया काढत बसली होती. हात बरबटलेले होते, म्हणून तिनं तो वाजू दिला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी फोन येतात ते दवाखान्यातून, नाहीतर कुणीतरी गेल्याचे; दोन्हींना तशी घाई नसते. पण हा थांबेना. शेवटी तिनं मनगटानंच रिसीव्हर उचलून कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, जिना चढून आल्यासारखी धापा टाकत बोलणारी. "स्कोपालोवा मॅडम ना? मी कुलगुरू कार्यालयातून बोलतेय. परवा गुरुवारी नव्या कुलगुरूंचं पदग्रहण आहे, आणि आमचे शपथ देणारे सर आज सकाळी पडले हो. खुबा मोडलाय. लॅटिनमधून शपथ द्यायला तुम्ही याल का?" ब्लाझेना म्हणाली, "अगं, मला निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली." "माहितेय ना. पण नव्या मॅडमनी तुमचंच नाव सांगितलंय. त्यांनाच विचार म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला नको." ब्लाझेना हो म्हणून गेली. हो म्हणताना तिला बरंही वाटलं. अजून कुणाला तरी आपली आठवण आहे तर. मग फोन ठेवता ठेवता, विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "कुलगुरू कोण झालंय?" "हे काय, तुम्हाला माहीत नाही? प्रोफेसर शिमारोवा. हेडविका शिमारोवा, वनस्पतिशास्त्राच्या." रस मनगटावरून ओघळत बाहीत गेला, कोपरापर्यंत गेला, आणि मुलगी पलीकडून हॅलो, हॅलो करत राहिली.

तिला खरंच माहीत नव्हतं. विद्यापीठाबद्दल काही छापून आलं की ती वर्तमानपत्राचं पान उलटायची. सवयच लागली होती, जसं माणूस दुखऱ्या दातानं चावणं सोडून देतो. हेडविका. तेरा वर्षांची, गुडघ्यावर खरचटलेली, शाळा सुटली की विद्यापीठात बापाच्या, ओताकरच्या, खोलीत येऊन बसणारी. पिशवीतून पानं काढायची, भूर्ज, लिंडेन, कसली कसली, आणि ओताकरच्या जाडजूड शब्दकोशात दाबून ठेवायची. तो शब्द शोधायला कोश उघडायचा तर मांडीवर पानं गळायची. "ही पोरगी माझ्या कोशाचं जंगल करून ठेवणार," असं तो म्हणायचा, पण पानं पुन्हा जागच्या जागी ठेवायचा. ब्लाझेनाला ती मावशी म्हणायची. एका पावसाळी दुपारी मावशीनं तिला 'सिल्वा', म्हणजे जंगल, या शब्दाची सगळी रूपं शिकवली होती, आणि पोरीनं ती खिडकीच्या काचेवर बोटानं लिहिली होती. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि दोन टेबलं, समोरासमोर. एका टेबलाशी ओताकर शिमारा, दुसऱ्याशी ब्लाझेना, नऊ वर्षं. आधी तो तिचा गुरू होता, मग सहकारी झाला. प्रेमबिम नव्हतं त्यात. ते असतं तर पुढचं सगळं निदान समजण्यासारखं तरी झालं असतं.

ओताकर लॅटिन वेगळं बोलायचा. त्या देशातले सगळे, शाळेतल्या मास्तरांपासून चर्चमधल्या पाद्र्यापर्यंत, नागरिकांना 'त्सिवेस' म्हणायचे. तो म्हणायचा 'कीवेस'. दोन हजार वर्षांपूर्वी बाजारात भाजी घेणारी बाई कीवेसच म्हणत होती, तर मी कशाला बदलू, असं त्याचं म्हणणं. शिवाय क्रियापदाआधी थांबायची त्याला सवय होती. सगळं वाक्य बोलून व्हायचं आणि शेवटच्या शब्दाआधी तो थांबायचा, पायरी आहे की नाही हे पावलानं चाचपणाऱ्या माणसासारखा, आणि वर्ग श्वास रोखून धरायचा. त्याच्या विद्यार्थ्यांना बाकीचे 'कीवेसवाले' म्हणून चिडवत. ब्लाझेना त्यातली पहिली. ती तसंच बोलायला शिकली, तशीच थांबायला शिकली, इतकी की भिंतीपलीकडच्या खोलीत बसणाऱ्यांना कधी कधी कळायचं नाही की शिकवतंय कोण. मग अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये परक्या सैन्याचे रणगाडे देशात आले. आले आणि राहिले. पुढच्या वर्षी वर्गात एक रचना शिकवताना, अमुक झाल्यावर तमुक झालं हे दोन शब्दांत बांधायची ती रचना, ओताकरनं फळ्यावर उदाहरण लिहिलं: 'एक्सेर्किटू प्रोफेक्टो कीवेस केनावेरुंट.' सैन्य निघून गेल्यावर नागरिक जेवायला बसले. वर्ग आधी गप्प होता, मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळा वर्ग असा हसला की भिंतीवरचा नकाशा हलला. ओताकर हातावरचा खडू पुसत म्हणाला, "हसताय काय? व्याकरण आहे." ब्लाझेना त्या दिवशी मागच्या बाकावर बसली होती. तीही हसली होती. तिचं हसणं सगळ्यात शेवटी थांबलं होतं.

एकाहत्तरच्या वसंतात खात्याच्या प्रमुखांनी प्रत्येकाकडून प्रत्येकाबद्दल एकेक पान लिहून मागितलं. ते म्हणाले, "शिमाराबद्दल तुम्ही लिहा. एका खोलीत बसता, तुम्हाला जास्त माहीत. घाबरू नका हो, रिवाज आहे नुसता. जायचंय त्याला, ते ठरलंच आहे." ठरलंच होतं. हे ब्लाझेनानं पुढं किती वेळा स्वतःला सांगितलं असेल! रणगाड्यांना मैत्रीची मदत म्हणायला ओताकरनं पक्षाच्या तपासणी समितीपुढे नकार दिला होता, तेवढं पुरेसं होतं. तिच्या पानानं काही बदलणार नव्हतं. चार ओळी लिहून सुटता आलं असतं. बाकीच्यांनी तसंच केलं: वेळेवर येतो, विषय चांगला जाणतो, राजकीय भूमिका अस्पष्ट. तीही तेवढंच लिहून थांबली होती. मग तिनं टाइपरायटरवरचं ते पान वाचून पाहिलं. पान पोकळ वाटलं. त्याला कणा नव्हता, शेवट नव्हता. आपल्या हातून असलं ढिसाळ काही जावं हे तिला सहन होईना, आणि तिनं शेवटी एक वाक्य जोडलं. फळ्यावरच्या त्या उदाहरणाचं. वाक्य असं उतरलं होतं की तिनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. व्याकरणाच्या आडून हा मनुष्य विद्यार्थ्यांना काय शिकवतो हे त्या एका उदाहरणावरून दिसतं, असं काहीसं, पण त्याहून कितीतरी चांगलं, घाटदार, तोल साधलेलं. कुणी मागितलं नव्हतं. कुणी मानेवर सुरी धरली नव्हती. ठरलेलं होतं ते ओताकरला काढणं. त्यापुढचं ठरलेलं नव्हतं. त्या वाक्यामुळे नुसती नोकरी जायच्या ऐवजी शिकवण्यावरच बंदी आली, आणि पुढं पोरीलाही कुठल्या विद्यापीठात पाऊल ठेवता येईना. समितीच्या निकालात ते वाक्य जसंच्या तसं उचललं होतं. खात्याच्या प्रमुखांनी तर कॉरिडॉरमध्ये थांबवून तिला म्हटलं होतं, "छान लिहिता हो तुम्ही."

मग ओताकर दारूभट्टीच्या बॉयलरवर कोळसा ओढायला लागला. समोरचं टेबल तीन आठवडे रिकामं राहिलं, मग कुणीतरी उचलून नेलं. पुढच्या सत्रात ब्लाझेना वर्गात 'त्सिवेस' म्हणाली. ठरवून नव्हे, तोंडातूनच आलं, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलानं मान खाली घातली. त्यानंतर ती कायम तसंच म्हणाली. एकदा, बहात्तर की त्र्याहत्तर साली, तो तिला चौकात समोरून येताना दिसला होता, डोक्यावर काळवंडलेली टोपी, हातात पावाची पिशवी. ती पटकन बाजूच्या दुकानात शिरली. दुकान बटणांचं निघालं. तिनं आठ मोठी हिरवी बटणं विकत घेतली, कशाला लावायची ते आजतागायत कळलेलं नाही. तो तिथून जाईपर्यंत बराच वेळ लागला. कदाचित काचेबाहेर तो थांबलाही असेल. तिनं मागे वळून पाहिलं नाही. शहाऐंशी साली खाटकाच्या दुकानाच्या काचेवर काळ्या चौकटीतलं पत्रक लागलं: ओताकर शिमारा, वय अठ्ठावन्न, दीर्घ आजारानंतर. खाली पत्नी येनोवेफा, मुलगी हेडविका. ब्लाझेनानं अंत्यविधीची वेळ पाठ केली आणि त्या वेळी घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या. तीन वर्षांनी सगळं उलटलं, ती राजवटच कोसळली. निघा आता, असं राज्यकर्त्यांना सांगायला चौकात लोक किल्ल्या वाजवत उभे राहिले, तीही उभी राहिली, आणि किल्ल्या वाजवताना तिच्या मनात आलं, अजून तीनच वर्षं काढायची होतीस की रे.

बुधवारी तिनं कार्यालयाचा नंबर दोनदा फिरवला आणि दोनदा फोन खाली ठेवला. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. तब्येतीचं देता आलं असतं, पण तो खोटेपणा एवढ्या सहज तोंडात आला की तिची तिलाच किळस आली. शपथेचा कागद दुपारी आला, जाड, शिक्का मारलेला. अकरा ओळी. तिसऱ्या ओळीत 'त्सिवेस'च्याच कुळातला एक शब्द होता, विद्यापीठातल्या लोकांचा समुदाय या अर्थी. ती वाचत गेली, आणि 'त्सिवितातेम' म्हणाली.

गुरुवारी दहा वाजता सभागृहामागच्या खोलीत पेडेल कुबेन तिची वाट पाहत होता. पेडेल म्हणजे मिरवणुकीच्या पुढे राजदंड घेऊन चालणारा मानकरी. एरवी हाच कुबेन इमारतीच्या नळांची आणि हीटरची कामं बघायचा. आज त्याच्या डोक्यावर मखमली टोपी होती, पण नखांतलं वंगण निघालं नव्हतं. "या मॅडम. हा तुमचा झगा. सरांचाच आहे, खाली टाचण्या मारल्यात, पाऊल जरा जपून टाका." "जड आहे हो." "जड? हा दंड धरून बघा. सहा किलो. आणि वर चेहरा असा ठेवायचा, जणू मोरपीस धरलंय. आमची ही म्हणते, बटाट्याची पिशवी आणायला सांगितली की तुझी पाठ धरते, आणि तिथं मात्र बरा मिरवतोस." ब्लाझेनाला हसू आलं, आणि तेवढ्यात दार उघडलं.

छप्पन्न वर्षांची बाई, केस आखूड, पांढरे. झग्याची कॉलर एका बाजूला मुडपलेली. ब्लाझेनाला आधी ओळख पटली ती हातांची. नखांवर बापासारखीच उभी रेघ. "बस," ब्लाझेना म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे, बसा." हेडविका उभीच राहिली. "कुबेन, पाच मिनिटं बाहेर थांबाल?" कुबेन राजदंडासकट बाहेर गेला. "लहानपणी मी तुम्हाला मावशी म्हणायचे," हेडविका म्हणाली. "आज काय म्हणावं ते रात्रभर ठरेना. मॅडम म्हणते." ब्लाझेनानं खुर्चीची पाठ धरली. "हेडविका, मला तुला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं. एकाहत्तर साली—"

"कागदाचं ना?"

बाहेर ऑर्गन कुणीतरी जुळवून पाहत होतं, एकच सूर, पुन्हा पुन्हा. हेडविका म्हणाली, "चौऱ्याण्णव साली मी अभिलेखागारात जाऊन बाबांची फाइल मागवली. तिथं वहीत सही करावी लागते. माझ्या वरच्या ओळीत तुमची सही होती, आदल्या वर्षीची. म्हणजे तो कागद तुमच्या हातात आला होता."

"आला होता."

"काढून नेता आला असता. तिथली बाई तर सारखी चहाला उठायची."

"हो. दोनदा उठली."

"मग?"

ब्लाझेनाला ते टेबल आठवलं, हिरव्या कापडाचं, आणि त्यावरचं आपलं ते पान. कडा पिवळ्या पडलेल्या, आणि शेवटचं वाक्य अजून चांगलं. बावीस वर्षांनीसुद्धा चांगलं. "नेला असता तर तो माझ्या घरात राहिला असता," ती म्हणाली.

हेडविकानं मान हलवली. पटल्यासारखी नाही, नोंद घेतल्यासारखी. "हे बघा, मी तुम्हाला माफ करायला बोलावलेलं नाही. बाहेर तीनशे माणसं बसलीत आणि मला नीट रडताही येत नाही, काजळ लावलंय यांनी. मी एकतीस वर्षांची होईपर्यंत रोपवाटिकेत कुंड्या भरल्या. त्याचं काय करायचं ते मी माझं बघेन. मला वेगळंच हवंय. बाबांचा आवाज मला आठवत नाही. चेहरा आठवतो, खोकला आठवतो, कोळशाचा वास आठवतो. आवाज गेला. कुठं टेप नाही, काही नाही. त्यांच्यासारखं बोलणारं कुणी उरलं असेल तर ते तुम्ही."

"मी सोडलं ते. त्याला काढल्यावर लगेच सोडलं."

"माहितेय. सत्त्याण्णव साली तुमच्या व्याख्यानाला मी मागे येऊन बसले होते. तासभर नुसतं त्सि, त्सि, त्सि." हेडविका पहिल्यांदाच किंचित हसली. "पण विसरला नसाल. आई पुढच्या रांगेत आहे. तिला आता दिसत नाही. शपथ कोण देणार ते तिला सांगितलेलं नाही." ती दाराशी गेली आणि थांबली. ब्लाझेना पुढं झाली, तिनं तिची मुडपलेली कॉलर सरळ केली. हेडविकानं ती करू दिली.

मग सगळं पुढच्या पुढं होत गेलं. ऑर्गन, कुबेनची संथ पावलं, झग्यांची सळसळ, लोक उठून उभे राहिले, बसले. जुन्या कुलगुरूंनी भाषण लांबवलं. ब्लाझेना चौथऱ्यावर उभी होती, हातात कागद. पुढच्या रांगेत कडेला चाकाच्या खुर्चीत एक लहानशी म्हातारी, निळी टोपी घातलेली, चेहरा छताकडे. येनोवेफा. तिच्या हातचे खसखशीचे केक ब्लाझेनानं किती खाल्ले होते. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसरी ओळ आली आणि जीभ दातांमागे जाऊन बसली, त्रेचाळीस वर्षं बसत होती तिथंच, सुरक्षित. सभागृहात कुणीतरी खोकलं. लोकांना वाटलं असेल, बाईंना ओळ सापडत नाहीये. तिला त्या क्षणी कोण आठवलं? ओताकर नाही आठवला. मागच्या बाकावरचा तो मुलगा आठवला, मान खाली घालणारा. त्याला काय वाटलं असेल त्या दिवशी, हे तिनं कधी विचारातच घेतलं नव्हतं. "कीवितातेम," ती म्हणाली. आवाज फुटला होता, पण शब्द स्पष्ट होता. अधिष्ठात्यांच्या रांगेत एकानं भुवया उंचावून शेजाऱ्याकडे पाहिलं. म्हातारीची मान छतावरून खाली आली. ब्लाझेना पुढं वाचत गेली, आणि आता वाचावं लागत नव्हतं. स्वर आपोआप लांबत होते, आखूड होत होते, कुणीतरी आतून हात धरून नेत असल्यासारखे. शेवटच्या ओळीत क्रियापदाआधी ती थांबली. किती थांबली कुणास ठाऊक. चौथऱ्यावर हेडविका दोन बोटं राजदंडावर ठेवून उभी होती, आणि तिनं डोळे मिटले होते. मग ब्लाझेनानं तो शब्द उच्चारला, आणि हेडविका म्हणाली, "स्पोंडेओ." वचन देते. जुन्या कुलगुरूंनी तिच्या गळ्यात साखळी घातली, ती केसांत अडकली, सोडवली, टाळ्या झाल्या.

नंतर लोक शेजारच्या दालनात गेले. तिथं वाइन होती, पावाचे तुकडे होते. ब्लाझेनानं झगा काढून कुबेनकडे दिला. निघून जायचं तिनं ठरवलं होतं. मागितलं ते दिलं होतं. आणखी थांबणं म्हणजे काहीतरी परत मागितल्यासारखं झालं असतं. पण कुबेन म्हणाला, "मॅडम, पुढच्या रांगेतल्या आजी तुम्हाला विचारतायत. त्या लॅटिनवाल्या बाईंना आणा म्हणाल्या."

रिकाम्या रांगांमधून जाताना तिचे गुडघे वाजले. म्हातारीनं हात पुढं केला, हवेतच, आणि ब्लाझेनानं तो धरला. "तुम्हीच ना? मला वाटलं, माझं डोकं फिरलं," येनोवेफा म्हणाली. "आमचे हे अस्से थांबायचे. मी चिडायचे, म्हणायचे, अहो बोला की पुढं, सूप गार होतंय. कुणाकडे शिकलात?"

"त्यांच्याकडेच."

"कुठल्या सालच्या?"

"येनोवेफा, मी ब्लाझेना आहे."

हात सुटला नाही. नुसता थिजला, मुठीतल्या पाखरासारखा. ब्लाझेना म्हणाली, "एकाहत्तरचा तो कागद मी लिहिला होता. शेवटचं वाक्य माझं होतं."

"ते माहितेय गं," येनोवेफा म्हणाली, कुणी जुनीच बातमी पुन्हा सांगावी तशी. "समितीनं त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. नाव नाही सांगितलं. घरी आला आणि म्हणाला, ब्लाझेनाचं आहे, दुसऱ्या कुणाला एवढं नीट लिहिता येत नाही."

"चिडला होता?"

"चिडला होता म्हणजे! आठवडाभर धड जेवला नाही. मग एक दिवस म्हणाला, येईल ती. मी म्हटलं, कशाला येतेय? तर म्हणाला, येईल, तिला वाक्य जुळवायला वेळ लागतो." तिनं ओठ पुसले. "मग अधूनमधून विचारायचा. कामावरून आला की, कुणी आलं होतं का? मला कळायचं कुणाबद्दल ते. एकदा म्हणाला, आज चौकात दिसली, बटणं घेत होती, मी थांबलो जरा वेळ. शेवटी दवाखान्यातसुद्धा विचारलंन." शेजारच्या दालनात हशा झाला, पेले वाजले. "तू का नाही आलीस गं?"

ब्लाझेनाकडे याचं उत्तर होतं. पुष्कळ होती, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेली, काळाबद्दल, माणसाच्या दुबळेपणाबद्दल. ती सगळी तिनं मनात एकदा चाळून पाहिली, आणि त्यातलं एकही उचलवलं नाही.

"भीती वाटली," ती म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

येनोवेफानं आपला हात हलकेच सोडवून घेतला आणि मांडीवरच्या शालीत ठेवला.

"अगं, एवढं तर त्याला चाललं असतं," ती म्हणाली.